छातीचा फोटो

सोहारच्या तपासणी केंद्राशी सकाळी सहालाच बस लागते.
एका रंगाचे पन्नास शर्ट उतरतात,
प्रत्येकाच्या हातात पासपोर्टची झेरॉक्स.
मी फरहाना मुकादम, मूळची दाभोळची.
दिवसाला दीडशे छात्या.

शर्ट काढा. हनुवटी वर.
खांदे पुढे, फळीला मिठी मारल्यासारखे.
श्वास घ्या. रोखा. सोडा.
एवढं मला बंगाली, नेपाळी, मल्याळम, पश्तूत येतं.
त्यापुढचं कुठल्याच भाषेत लागत नाही.

नव्या पोरीला शिकवते:
नळीत तार तापते,
तिच्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन टंगस्टनवर जाऊन आदळतात.
शंभरातल्या नव्याण्णव वाट्यांची नुसती उष्णता होते,
उरल्या एका वाट्यावर आपलं खातं चालतं.
तो माणसातून आरपार निघतो.
हवा अडवत नाही, म्हणून फुप्फुस काळं.
मांस थोडं अडवतं, करडं.
हाड बरंच अडवतं.
धातू तर काही म्हणजे काहीच जाऊ देत नाही,
तेव्हा चेन, लॉकेट, ताईत, सगळं त्या निळ्या टोपलीत.
आणि लक्षात ठेव,
पुढचं-मागचं सगळं एकाच पानावर येतं.
आपण माणूस टिपत नाही, त्याची सावली टिपतो.
सावलीत कोण कोणामागे उभं, ते आपण ओळखायचं.

अब्बा कुवेतहून कायमचे परतले तेव्हा पेटीत
दोन घड्याळं होती, एक कांबळं,
आणि तपकिरी पाकिटात त्यांची छाती.
ग्रहण लागलं की मोहल्ल्यातली पोरं दारात:
"चाची, चाचांची छाती द्या ना."
सगळ्यांनी सूर्य पाहिला तो
अब्बांच्या बरगड्यांमधल्या काळोखातून.
(डोळ्यांना ते वाईट, हे मला कॉलेजात कळलं.)

आज चौऱ्याऐंशी नंबर. दशरथ गोताड, संगमेश्वर, क्रेनवर रिगर.
पडद्यावर उजव्या गळपट्टीच्या हाडाखाली
ढोलकीच्या आकाराचं काहीतरी, पांढरंशुभ्र.
कडा पुसट, आकार जरा फुगलेला.
म्हणजे वस्तू फळीपासून लांब. म्हणजे पाठीवर.

"गोताड, पाठीवर काय सरकवलंत?"
मराठी ऐकून तो दचकला.
"आयेनं बांधलाय. काढू नको म्हनली."
"फोटो झाला की घाला परत."
टोपलीत ठेवण्याआधी
त्याने फुंकर मारून टोपली साफ केली.

खांदे पुढे. श्वास घ्या. रोखा.
शिशाच्या काचेआड मी, बटणावर अंगठा.

ताईत होता तिथे आता
फुप्फुसाच्या शेंड्याला दोन-तीन रेघा
आणि चुन्याचा एक ठिपका.
जुनं असेल. भरलेलं असेल.
देवरुखच्या सरकारी दवाखान्यातल्या सहा महिन्यांच्या गोळ्या,
एकही न चुकवता घेतलेल्या. असेल.
रेघेवर तारीख नसते.
अहवाल लिहिणं माझ्याकडे नाही,
माझ्याकडे फक्त सावली स्वच्छ येणं.
स्वच्छ आली होती.

पहिला फोटो रद्द करायचा असतो, कारण टाकून.
मी दोन्ही शेजारी लावून बघत बसले,
कामाला लागतं त्याहून जास्त वेळ.
बाहेर कोणीतरी खोकलं.
मग पोरगी हळूच म्हणाली, "मॅडम, तो..."

मी 'सोडा' म्हणालेच नव्हते.
तो फळीला मिठी मारून तसाच,
कानाच्या पाळ्या लाल.

सोडा, गोताड. सोडा श्वास.

"काय दिसला, ताई?"
"डॉक्टर बघतील."
"मागल्या टायमाला कायच नव्हता बोलले."
मी टोपली पुढे केली.
त्याचे हात मानेमागे पुरेनात,
उजवा खांदा आखडलेला, दोरखंडाचं काम.
"वाका," म्हटलं.
हातमोज्यांनी गाठ नीट बसेना,
मोजे काढले.
तांबं एसीने गार पडलेलं.
एक गाठ, वर आणखी एक.

पंच्याऐंशी.